गार झाली की सुरू होणारी गाडी: नगर जिल्ह्यातून निदानाचा एक इतिहास

आज एका अशा तक्रारीचा इतिहास बघू, जी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेली असते. गाडी चढावर दम सोडते, झटके देते आणि बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण धरत नाही. अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की पुन्हा चालू होते, जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजला नेली तर तिथे पहिल्याच सेल्फला सुरू, आणि मेकॅनिक म्हणतो, “गाडी तर ओके आहे!”

पीएच.डी.च्या तयारीत असताना ‘समस्या-विधान’, ‘गृहीतक’, ‘चल’, ‘नियंत्रण’ असे शब्द आपण पाठ करतो. पेटच्या पेपरात त्यांच्या व्याख्याही लिहितो. पण हे शब्द नेमके कशासाठी जन्माला आले, हे पुस्तकातून पटकन कळत नाही. वरच्या तक्रारीतून मात्र कळतं. ही तक्रार अवघड आहे ती इंजिन गुंतागुंतीचं असतं म्हणून नाही. ती अवघड आहे कारण हा दोष आपोआप बरा होतो. आणि जो दोष आपोआप बरा होतो, त्याच्यावर केलेला कुठलाही उपाय बरोबर वाटतो.

मोटारीच्या निदानाचा शंभरेक वर्षांचा इतिहास मी याच एका वाक्याभोवती मांडणार आहे. त्यासाठी लांब जायची गरज नाही. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, आणि आपल्या बोलण्यातलं नुसतं ‘नगर’, या एका जिल्ह्यात त्या इतिहासाचे बहुतेक टप्पे सापडतात.

१. दोन ठिणग्यांची गाडी

नगरला लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ साली उभं केलेलं रणगाडा संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिलं असेल. सगळ्यांचं लक्ष मोठ्या रणगाड्यांकडे जातं. पण तिथे रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट चासीवर बांधलेली एक चिलखती गाडीही आहे. आपल्या विषयासाठी तीच महत्त्वाची.

पेट्रोल इंजिनाला चालायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, दाब आणि योग्य वेळी ठिणगी. सुरुवातीच्या काळात सगळ्यात बेभरवशाची गोष्ट होती ठिणगी. सिल्व्हर घोस्टच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात म्हणून प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग असत आणि ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र व्यवस्था. एक बॅटरी आणि कॉइलवर चालणारी, दुसरी मॅग्नेटोवर. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज तयार करणारं छोटं यंत्र. बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड याने १९०२ च्या सुमारास त्याचं उच्च दाबाचं रूप तयार केलं आणि ते जगभर पसरलं. इंजिन हळू फिरत असताना मॅग्नेटोची ठिणगी कमजोर असते. म्हणून गाडी बॅटरीवर सुरू करायची आणि मग मॅग्नेटोवर टाकायची, अशी पद्धत होती.

आता विचार करा. ही गाडी चालता चालता दम सोडू लागली तर चालकाने काय करायचं? खाली न उतरता ठिणगीची व्यवस्था बदलून बघायची. दुसऱ्या व्यवस्थेवर इंजिन नीट चाललं, तर दोष पहिल्या व्यवस्थेत किंवा तिच्या प्लगमध्ये. दोन्हीवर तसंच कुरकुरत राहिलं, तर ठिणगीवरचा संशय बराच कमी होतो आणि पेट्रोलकडे बघायचं.

यात काय घडलं ते नीट लक्षात घ्या. एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं: तेच पेट्रोल, तोच रस्ता, तेच तापमान. मुख्य म्हणजे दोष चालू असतानाच तुलना झाली. ‘नियंत्रण’ या शब्दाचा अर्थ हाच. दुसरी व्यवस्था बसवली होती भरवशासाठी, निदानासाठी नव्हे. तरी निदानाची सोय त्यात आपोआप झाली होती.

पुढे ही सोय गेली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी-कॉइलची सुधारलेली पद्धत आणली. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली आणि १९१२ मध्ये त्याच कंपनीच्या गाड्यांना विजेचा सेल्फ-स्टार्टर मिळाला. पुढच्या दोन दशकांत सर्वसाधारण गाड्यांत एकच कॉइल, एकच डिस्ट्रिब्युटर आणि सिलिंडरला एकच प्लग, ही मांडणी रूढ झाली. गाडी स्वस्त झाली, सुटसुटीत झाली, पण चालकाच्या हातातली तुलना नाहीशी झाली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असं पुष्कळदा घडतं. एखादी सुधारणा येताना जुन्या यंत्रात सहज मिळणारी माहिती बरोबर घेऊन जाते, आणि ती गेली हे बऱ्याच उशिरा लक्षात येतं.

२. १ जून १९४८ नंतर

दुसरा टप्पा तुम्हाला पाठ असेल, कारण स्पर्धा परीक्षेत तो हमखास विचारतात. १ जून १९४८ ला तेव्हाच्या मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली एसटी अहमदनगर-पुणे मार्गावर धावली. बेडफर्ड बनावटीची गाडी, लाकडी बॉडी, काथ्याच्या गाद्या. परीक्षेला एवढं पुरतं. पण इतिहास म्हणून प्रश्न पुढचा आहे: अशी गाडी सुपा आणि शिरूरच्या मध्ये कुठेतरी बंद पडली तर काय होणार?

त्या काळच्या बेडफर्ड गाड्यांचं इंजिन पेट्रोलचं असे. टाकी चासीवर, तिथून पेट्रोल ओढून आणणारा यांत्रिक पंप इंजिनाच्या अंगाला, पुढे कार्बोरेटर. ठिणगीसाठी कॉइल, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि एक छोटा कंडेन्सर. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, तिचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि हजारो व्होल्टचा झटका प्लगपर्यंत पोचतो. कंडेन्सरचं काम पॉइंटवर जाळ होऊ न देण्याचं.

आता नगरचं ऊन या यंत्रात घाला. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक साधारण ३५-४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. त्यातही पंप पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे नळीतला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो, आणि दाब कमी तर उकळणं आणखी लवकर. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पंप पेट्रोलऐवजी वाफच दाबत बसतो. याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. कार्बोरेटर रिकामा पडतो, गाडी झटके देते, थांबते.

गंमत पुढे आहे. इंजिन थांबलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि तापलेल्या लोखंडाची उष्णता बॉनेटखालीच कोंडते. म्हणजे गाडी थांबल्यावर पहिली काही मिनिटं पंप आणि नळी जास्तच तापतात. चहासाठी दहा मिनिटं थांबलेली, अगदी व्यवस्थित चालणारी गाडी चहानंतर सुरू होत नाही, त्याचं कारण हे. चहावाल्याचा काही दोष नाही!

३. अर्ध्या तासाचा घोटाळा

संशोधकासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग आता येतो. ‘गरम झाली की बंद पडते, गार झाली की सुरू होते’ हे लक्षण व्हेपर लॉकचंच असतं का? नाही. त्या काळच्या गाडीत निदान तीन वेगळी कारणं हेच लक्षण दाखवू शकत.

पहिलं, व्हेपर लॉक. दुसरं, कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर निकामी होणं. आतली तार किंवा तिचं आवरण उष्णतेने साथ सोडतं आणि थंड झाल्यावर पुन्हा काम करतं. तिसरं कारण साधं आणि त्यामुळेच दुर्लक्षित: टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजणं. पेट्रोल जात राहतं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते. शेवटी पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. गाडी थांबली की हवा हळूहळू कुठून तरी आत शिरते आणि पुन्हा सगळं ठीक. या तिसऱ्या प्रकारात उष्णतेचा काही संबंधच नाही. संबंध आहे तो वेळेचा. पण ‘गार झाल्यावर सुरू झाली’ असं आपण म्हणतो, कारण गार होणं आपल्याला जाणवतं आणि टाकीतली हवा दिसत नाही.

पंपावर ओलं फडकं टाकणं हा जुना, सगळीकडे माहीत असलेला उपाय. फडकं टाकलं, गाडी सुरू झाली, म्हणून व्हेपर लॉक होता, असा निष्कर्ष निघतो. तो बरोबर आहे का?

थांबा आणि मोजा. गाडी बंद पडल्यापासून किती वेळ गेला? बॉनेट उघडलं, कोणीतरी पाणी आणायला गेलं, फडकं शोधलं, ओलं केलं, गुंडाळलं, दोनदा पाणी मारलं. पंचवीस मिनिटं झाली. आणि ही गाडी काही न करताही पंचवीस मिनिटांनी सुरू होत असेल तर? मग फडक्याने काय सिद्ध झालं? काहीच नाही. उपाय आणि वेळ एकमेकांत मिसळले. आपल्या पेपरात ज्याला ‘कन्फाउंडिंग’ म्हणतात ते हेच.

मग करायचं काय? जुन्या, चांगल्या फिटरची पद्धत पायरीपायरीने लिहिली तर साधारण अशी दिसते:

१. आधी बघायचं, मग हात लावायचा. गाडी बंद कशी पडली? एकदम, बटण बंद केल्यासारखी, की झटके देत, दम सोडत? एकदम पडली तर बहुधा करंटचा दोष. झटके देत पडली तर बहुधा पेट्रोलचा. ही खात्री नाही, पण संशयाची दिशा आहे, आणि ती फुकट मिळते.

२. लगेच ठिणगी तपासायची. प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरून सेल्फ मारायचा. निळी, जाड ठिणगी आली तर कॉइल-कंडेन्सर सध्या निर्दोष. पिवळी, बारीक किंवा गायब असेल तर तिथेच बघायचं. या तपासणीने पेट्रोलच्या बाजूला काही बदलत नाही, म्हणून ती आधी. (हे जुन्या गाड्यांचं वर्णन आहे. आजच्या गाडीवर करू नका. झटका जबर असतो, कंट्रोल युनिट जळू शकतं, आणि जवळ पेट्रोल असताना उघडी ठिणगी ही कधीच चेष्टा नव्हती.)

३. टाकीचं झाकण उघडायचं. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि लगेच गाडी सुरू झाली, तर गुन्हेगार सापडला. या चाचणीला काही सेकंद लागतात. इंजिन तेवढंच गरम आहे, म्हणजे उष्णता तीच ठेवून फक्त टाकीतली हवा बदलली.

४. मग फडकं, फक्त पंपावर. कॉइल गरमच ठेवायची. आणि ही गाडी एरवी किती वेळाने आपोआप सुरू होते, ते आधी एकदा काही न करता घड्याळ लावून मोजलेलं हवं. एरवी पंचवीस मिनिटं लागत असतील आणि फडक्याने तीन मिनिटांत काम झालं, तरच फडक्याला श्रेय.

चौथ्या पायरीतली ‘काही न करता मोजणं’ ही गोष्ट सगळ्यात अवघड आहे. भर उन्हात गाडीभर प्रवासी ओरडत असताना हात बांधून घड्याळाकडे बघत कोण उभं राहील? म्हणून ते मोजमाप क्वचितच होतं. संशोधनातही तसंच होतं. नियंत्रण गट ठेवायचा म्हटलं की सगळ्यांना वेळ वाया गेल्यासारखं वाटतं.

४. दुरुस्तीची नोंद म्हणजे कारणाची नोंद नव्हे

तुमच्यापैकी कोणी तंत्रज्ञानाचा किंवा परिवहनाचा इतिहास करणार असेल, तर इथे एक इशारा. डेपो असो वा गॅरेज, दुरुस्तीच्या कार्डावर सर्वसाधारणपणे तीन गोष्टी लिहिल्या जातात: तक्रार काय, काम काय केलं, कुठला पार्ट बदलला. समजा, अशा हजार कार्डांवरून तुम्ही मोजलंत की सर्वात जास्त वेळा कंडेन्सर बदलले गेले. मग ‘त्या काळच्या गाड्यांत कंडेन्सर सर्वात कमजोर होते’ असं लिहाल का?

लिहू नका. कंडेन्सर स्वस्त होता, लहान होता, पाच मिनिटांत बदलता येत होता. त्यामुळे तो आधी बदलला जायचा. बदलेपर्यंत गाडी गार व्हायची आणि सुरू व्हायची. पुन्हा बंद पडली तर ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या रस्त्यावर, कदाचित दुसऱ्या चालकाच्या हाती. तिथे नवं कार्ड. कार्डावर नोंद असते ती माणसाच्या निर्णयाची, यंत्रातल्या कारणाची नाही. आपल्याकडच्या एसटी महामंडळांच्या कामगिरीत ‘दर दहा हजार किलोमीटरमागे ब्रेकडाऊन’ हा आकडा वापरतात. तो उपयोगी आहे. पण गाडी किती वेळा थांबली एवढंच तो सांगतो. का थांबली हे नाही. कुठलाही दस्तऐवज हातात घेतलात की आधी विचारा: हा कोणत्या कामासाठी लिहिला गेला होता?

५. लुनाचा प्लग: मागे राहणारा पुरावा

तिसरा टप्पा दुचाकीचा. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली. कंपनीचे संस्थापक एच. के. फिरोदिया मूळच्या नगरच्याच घराण्यातले, आणि कायनेटिकचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर उभा राहिला. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं.

ऑइल जळतं म्हणून काजळी आलीच. प्लगच्या दोन टोकांमध्ये काजळीचा एखादा कण अडकला की ठिणगी पडत नाही आणि गाडी एकदम बंद. सायलेन्सरमध्ये काजळी साठत गेली तर गाडी बंद पडत नाही, पण महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू ताकद जाते. काजळी तीच, पण एकीकडे क्षणात मरण आणि दुसरीकडे सावकाश म्हातारपण. दोष किती वेगाने येतो, हीसुद्धा माहिती असते.

लुना चालवणाऱ्याकडे प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. प्लग काढायचा, घासायचा, लावायचा, पेडल मारायचं. पण जाणता मेकॅनिक घासण्याआधी प्लग वाचायचा. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. कोरडं असेल तर पेट्रोलच पोचत नाही. काळं आणि सुकं म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. काळं आणि तेलकट म्हणजे ऑइल जास्त. पांढरट म्हणजे इंजिन फार गरम चालतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय.

व्हेपर लॉकची वाफ निघून जाते, मागे काही ठेवत नाही. प्लगवरचा रंग मात्र राहतो. गाडी गार झाली, गॅरेजला आली, तरी राहतो. म्हणून क्षणिक दोषाच्या तपासात पहिला प्रश्न हा: घटना संपल्यावरही टिकणारी खूण कुठे उरली असेल? आणि दुसरा नियम: ती खूण पुसण्याआधी वाचा. पॉलिश पेपर मारल्यावर प्लग स्वच्छ होतो, पुरावाही स्वच्छ होतो.

६. “एअर घेतली”

नगर हा उसाचा जिल्हा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० पासूनचा. इथे डिझेल ट्रॅक्टरवर दोन ओळी लिहिल्या नाहीत तर लेख अपुरा राहील. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडतो आणि पेटतो. म्हणजे ‘करंट की पेट्रोल’ हा जुना प्रश्नच निकालात निघाला. त्याच्या जागी गावोगावी एक नवं निदान आलं: “ट्रॅक्टरने एअर घेतली.”

डिझेलच्या नळीत हवा शिरली की दाब तयार होत नाही. ताकद जाते, इंजिन थांबतं, सुरू होत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, आधी फेस येतो, मग बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल. स्क्रू आवळला, ट्रॅक्टर चालू. फेस डोळ्यांना दिसला, म्हणजे निदान सिद्धच झालं! खरंय. पण अर्धंच. हवा होती, हे सिद्ध झालं. ती आली कुठून, हे राहिलंच: चिरलेली नळी, कडक झालेलं वॉशर, की टाकी तळाला गेली होती? ते शोधलं नाही तर उद्या पुन्हा एअर. प्रबंधाच्या चर्चेत मार्गदर्शक “मग याचं कारण काय?” असं तिसऱ्यांदा विचारतात तेव्हा राग येतो. ते खरं तर वॉशरपर्यंत पोचायला सांगत असतात.

७. दोष गोठवून ठेवणं

आपोआप बऱ्या होणाऱ्या दोषावर दोन मोठे उपाय निघाले. पहिला म्हणजे दोष मुद्दाम पुन्हा घडवणं. नगरची व्हीआरडीई, म्हणजे डीआरडीओची वाहन संशोधन व विकास संस्था, अशाच प्रकारचं काम करते. तिची मुळं चकलाल्याची, जे आता पाकिस्तानात आहे. फाळणीच्या काळात ही संस्था नगरला आली. तिथे चाचणीचे ट्रॅक आणि प्रयोगशाळा आहेत. ‘रस्त्यावर कधीतरी होतं’ या वाक्याचं ‘अमुक भार, अमुक वेग, अमुक तापमानाला होतं’ असं रूपांतर करणं, हे चाचणी केंद्राचं खरं मूल्य. पण प्रत्येक गाडी ट्रॅकवर नेता येत नाही.

दुसरा उपाय: गाडीनेच साक्षीदार व्हावं. इंजिनाचं नियंत्रण कंट्रोल युनिटकडे गेलं आणि ते सेन्सरवर लक्ष ठेवतच होतं, तर दोषाची नोंदही त्यानेच ठेवावी. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून तशी सक्ती केली. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ हे समान रूप आलं. हेतू होता प्रदूषणावर लक्ष ठेवण्याचा. निदान, सिल्व्हर घोस्टसारखंच, त्याच्याबरोबर आलं. आपल्याकडे भारत स्टेजच्या नियमांबरोबर ही व्यवस्था रूढ झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या गाडीत ती गृहीतच धरली जाते.

यातली ‘फ्रीझ फ्रेम’ ही कल्पना मला फार आवडते. दोषाचा कोड नोंदला जातो त्या क्षणी इंजिनाचा वेग, भार, पाण्याचं तापमान, गाडीचा वेग अशा गोष्टी एकत्र साठवल्या जातात. म्हणजे गाडी गॅरेजला येईपर्यंत बरी झाली तरी बंद पडतानाचं चित्र हाती लागू शकतं.

मग प्रश्न मिटला? नाही. आजच्या पेट्रोल गाडीत व्हेपर लॉक जवळजवळ गेला, कारण पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी साधारण ३ बारच्या दाबाने ढकलतो. पण ‘गरम झाली की बंद’ ही तक्रार उरलीच. आता संशयित वेगळे: क्रँक सेन्सर तापल्यावर सिग्नल सोडतो, मग कंट्रोल युनिटला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, ते ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही थांबवतं. किंवा झिजलेला पंप तापल्यावर दाब सोडतो. आणि जुनी खूण अजूनही चालते: एकदम बंद पडली तर सेन्सरकडे बघा, आधी दम सोडून मग पडली तर पंप आणि फिल्टरकडे.

कोडचा अर्थ लावतानाही तोच सापळा आहे. पी०१७१ हा कोड सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. बस, एवढंच. ते कमजोर पंपामुळे असेल, कुठून तरी जादा हवा शिरत असल्यामुळे असेल, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळल्यामुळे असेल. कोड वाचून थेट पार्ट बदलणारा आणि कंडेन्सर बदलणारा, दोघं एकाच कुळातले. आणि स्कॅनर लावताच काही न लिहून घेता आधी सगळे कोड पुसून टाकणारा? तो प्लग न वाचता पॉलिश पेपर मारतोय.

तुमच्यासाठी

संशोधनाचा आराखडा लिहिताना हे चार प्रश्न कागदावर उतरवा आणि प्रामाणिकपणे उत्तरं द्या:

- मी काहीच केलं नाही, तर हे आपोआप बदलतं का, आणि किती वेळात?
- हेच लक्षण दाखवणारी आणखी दोन कारणं कोणती?
- माझ्या चाचणीचं उत्तर या कारणांसाठी वेगवेगळं येईल का? सगळ्यांसाठी सारखंच येणार असेल, तर ती चाचणी नाही, नुसतं काम आहे.
- हात लावण्याआधी कोणती खूण नोंदवून घ्यायला हवी?

आणि एक काम. कार्बोरेटर आणि पॉइंटच्या गाड्यांवर आयुष्य काढलेले फिटर आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. ठिणगीचा रंग, पंपाचा आवाज, बंद पडण्याची लकब यांवरून ते जे ओळखत, ते कुठल्याही कार्डावर लिहिलेलं नाही. तालुक्याच्या एखाद्या जुन्या गॅरेजमध्ये जा, काकांना चहा सांगा आणि विचारा. पण “तुम्ही काय बदलायचात?” असं विचारू नका. “तुम्ही आधी काय बघायचात, आणि का?” असं विचारा. पहिल्या प्रश्नाला पार्टची यादी मिळेल. दुसऱ्याला पद्धत मिळेल.